जुन्या कपाटाला नवा रंग

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. दिवसा चार घरची धुणीभांडी करतात आणि रात्री आठ वाजता पाटी घेऊन बसतात. पाटी म्हणजे आता वहीच. पण आमच्या तोंडून पाटीच येते. त्यांची मुलगी सातवीत आहे. तिच्या पुस्तकांना घरात जागा नव्हती. काही तांदळाच्या डब्यावर, काही खाटेखाली. म्हणून मावशींनी तालुक्याच्या गावी जुन्या सामानाच्या दुकानातून एक कपाट आणले. तीन खणांचे, कमरेइतके उंच. एके काळी ते आरशाचे टेबल असावे. वर आरसा बसवायची दोन भोके होती, आरसा मात्र नव्हता. किंमत अठराशे रुपये. टेम्पोचे तीनशे निराळे.

लाकूड सागाचे होते. वजनदार, कुठे भुसा पडत नव्हता. पण दिसायला अगदी कळकट. वरची फळी पॉलिशची, बाजूंना कधीचा तरी हिरवा रंग आणि त्याला पोपडे. मावशींनी विचारले, "गुरुजी, याला झकास रंग द्यायचाय. कसा देऊ?"

आम्ही अडतीस वर्षे शाळेत होतो. दर मे महिन्यात फळे काळे करून घेत होतो. तेव्हा रंगातले आपल्याला सारे कळते, असा आमचा समज. आम्ही म्हणालो, "त्यात काय एवढं? फडक्यानं पुसा आणि वरून दोन हात मारा."

दिवस जुलैचे होते. मावशींनी निळ्या रंगाचा डबा आणला आणि दोन जाड हात दिले. तीन दिवसांनी बोट लावले तर कोरडे लागले. मुलीने हौसेने पुस्तके वर रचली. आठ दिवसांनी ती भूगोलाचे पुस्तक उचलायला गेली, तर पुस्तक हातात आले आणि पुठ्ठा कपाटालाच राहिला. नख लावले तेव्हा उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा रंग निघाला. पाचशे रुपये पाण्यात गेले. मावशी आम्हाला काही बोलल्या नाहीत. तेच आम्हाला जास्त लागले.

मग आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले. तो सातवीतून शाळा सोडून रंगाऱ्याच्या हाताखाली गेला होता. तेव्हा आम्ही त्याला फार बोललो होतो. आज पंचवीस वर्षे तो रंगकाम करतो आहे. त्याने कपाटाभोवती एक फेरी मारली, वरच्या फळीवर बोट फिरवले, बोटाचा वास घेतला आणि विचारले, "गुरुजी, वरून हात मारा म्हणून कुणी सांगितलं?"

आम्ही गप्प राहिलो.

तो म्हणाला, "हे आरशाचं टेबल. इथं बसून बायकांनी वर्षानुवर्षं वेणीफणी केली. खोबरेल मुरलंय यात. तेलावर रंग धरत नाही."

आता हे नीट समजून घेऊ. रंग लाकडाला दोन रीतींनी धरतो. लाकडाच्या बारीक छिद्रांत तो शिरतो, आणि खरखरीत जागेला चिकटतो. गुळगुळीत पॉलिशमध्ये त्याला शिरायला वाट नाही. तेलकट जागेवर चिकटायला आधार नाही. मग तो नुसता वर पसरून राहतो, दुधावरच्या सायीसारखा.

दुसरी गोष्ट वाळण्याची. ओले लुगडे वाळते तेव्हा त्यातले पाणी उडून जाते. तेलाचा रंग तसा वाळत नाही. त्यातले पातळ औषध आधी उडते, आणि मग उरलेला रंग हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. हात जाड दिला तर वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि खालच्या रंगाला हवा मिळत नाही. वर कोरडे, आत ओले. पावसाळी दमट हवेत तर फारच वेळ लागतो. म्हणून बोटाला कोरडा लागला तरी आठवडाभर त्यावर जड वस्तू ठेवू नये. भूगोलाच्या पुस्तकाचे हेच झाले.

तेव्हा काम पावसाळा सरल्यावर, दसऱ्यानंतर करायचे ठरले. आम्हीही मदतीला जायचे कबूल केले. चूक आमची होती.

पहिल्या दिवशी खण बाहेर काढले, मुठी आणि बिजागऱ्या सोडवल्या. स्क्रू एका वाटीत ठेवले. जुन्या सामानात ढेकूण असतात. सांध्यांत, खणांच्या खालच्या बाजूला, स्क्रूच्या भोकांत काळे बारीक ठिपके दिसले की समजावे. असे सामान घरात नेऊच नये. ते अंगणात ठेवून आधी ढेकूण मारावेत. आमच्या नशिबाने येथे नव्हते. मग धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून सगळे कपाट पुसून काढले. हातांत रबरी मोजे हवेत, सोडा कातडी खातो. पाणी काळेपिवळे झाले. दोनदा स्वच्छ पाण्याने पुसले आणि दोन दिवस सावलीत वाळू दिले. उन्हात ठेवले तर फळ्या वाकतात, सांधे सुटतात.

तिसऱ्या दिवशी घासायचे काम. आम्ही पॉलिशपेपर घेऊन बाजूचा हिरवा रंग खरवडायला बसलो. हिरवी पूड उडू लागली. मावशींच्या थोरल्या मुलीचे दोन वर्षांचे पोर शेजारीच खेळत होते. त्याने खाली पडलेला एक पोपडा उचलला आणि तोंडाकडे नेला. रंगारी हातातले सगळे टाकून धावला. पोराचा हात धरला, पोपडा काढून घेतला, हात साबणाने धुतले आणि म्हणाला, "याला आधी दुसऱ्याच्या घरी न्या. गुरुजी, तुम्ही थांबा. कोरडं घासायचं नाही."

आम्ही त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. कारण विचारले. कारण असे आहे.

जुन्या काळच्या रंगांत शिसे घालीत. मारुतीला लावतात तो शेंदूर आपल्या ओळखीचा आहे. तो मूळचा शिशाचाच. पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा असे. पिवळ्यातही शिसे असे, आणि त्या पिवळ्यात निळा मिसळून हिरवा करीत. शिशामुळे रंग झाकतो चांगला, लवकर वाळतो, टिकतो. पण शिसे हे विष आहे. ते पोटात किंवा श्वासातून गेले की रक्तात आणि हाडांत साठते. मोठ्या माणसालाही ते वाईट. लहान मुलाला फार वाईट. त्याच्या वाढत्या मेंदूला इजा होते. मूल शिकण्यात मागे पडते, त्याचे लक्ष लागत नाही. झालेली इजा पुढे भरून येत नाही. आणि याची बाहेरून काही खूण दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. पोपड्याची चव थोडी गोड लागते, म्हणून मुले तो पुन्हा तोंडात घालतात. मुलाने असे पोपडे खाल्ले असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. रक्त तपासून शिसे किती आहे ते कळते.

आम्ही हे ऐकले आणि रात्री बराच वेळ झोप आली नाही. "लक्ष कुठे आहे तुझे?" हे वाक्य आम्ही अडतीस वर्षांत किती वेळा बोललो असू!

आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर कायद्याने बंधन आले. नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून अधिक असता कामा नये, असा तो नियम. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कपाटावर, दारावर, पाळण्यावर शिशाचा रंग असू शकतो. जितके जुने, तितकी शंका जास्त. म्हणून जुना रंग खरवडताना तो शिशाचाच आहे असे धरून चालावे.

मग घासायचे कसे? ओले करून. पाण्यात चालणारा काळा पॉलिशपेपर मिळतो. तो भिजवायचा, लाकडावर थोडे पाणी शिंपडायचे आणि घासायचे. पूड उडत नाही, चिखल होतो. तो ओल्या फडक्याने टिपायचा. खाली जुने प्लास्टिक अंथरायचे. झाडू मारायचा नाही. काम झाले की प्लास्टिक, फडकी, चिखल, सगळे एका पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीवाल्याला सांगून द्यायचे. परसात टाकायचे नाही, चुलीत तर नाहीच. जुना रंग दिव्याने जाळून काढण्याचीही रीत आहे. ती करू नये, वाफेतून शिसे छातीत जाते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. करोनाच्या वेळी जे एन-९५ मास्क आले, तसा घट्ट बसणारा मास्क हवा. काम संपल्यावर आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत.

आणखी एक सांगायचे. जिथे जुना रंग घट्ट बसला आहे, तिथे तो मुळापर्यंत काढायची गरज नाही. चकाकी जाईपर्यंत ओले घासावे. पुरे. नव्या रंगाखाली तो झाकून राहतो. फक्त सुटलेले पोपडे काढायचे.

पुढचे काम सोपे. लाकूड वाळल्यावर अस्तराचा एक हात दिला. अस्तराला दुकानात प्रायमर म्हणतात. भोकांत आणि चिरांत लांबी भरली, ती वाळल्यावर ओल्या बारीक पेपरने सपाट केली आणि त्या जागी पुन्हा अस्तर लावले. वरच्या फळीवर जुन्या पॉलिशचा लालसर डाग अस्तरातून वर आला. रंगाऱ्याने चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्यावर एक हात दिला. डाग तिथेच थांबला.

रंग कोणता? यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. आम्ही बदामी सुचवला. शाळेच्या भिंती बदामीच असतात. मुलगी म्हणाली, "गुरुजी, तो काय रंग आहे?" तिला हळदीसारखा पिवळा हवा होता. मावशींना मोरपंखी. रंगारी म्हणाला, पिवळा झाकायला कमी, तीन हात लागतील. मोरपंखी दोन हातांत झाकेल. शेवटी कपाट मोरपंखी आणि खणांची तोंडे पिवळी, असे ठरले. आम्हाला ते भडक वाटले. पण मावशींचे घर एका खोलीचे. भिंती धुराने काळवंडलेल्या. तिथे बदामी दिसला तरी असता का?

रंग किती आणायचा, हा हिशेब मावशींनी वहीत केला. कपाट तीन फूट रुंद, अडीच फूट उंच, दीड फूट खोल. समोरची बाजू साडेसात चौरस फूट. दोन बाजू मिळून साडेसात. वरची फळी साडेचार. एकूण साडेएकोणीस, म्हणजे वीस धरा. दोन हात म्हणजे चाळीस. एक लिटर रंगात एक हात सुमारे शंभर चौरस फुटांना पुरतो. तेव्हा अर्धा लिटर भरपूर झाला. दुकानदार लिटरचा डबा पुढे करत होता. मावशींनी वही दाखवली.

डब्यावरचा मजकूर इंग्रजीत होता. मावशींना इंग्रजी येत नाही. पण आकडे येतात. त्यांनी डबा फिरवून ९० हा आकडा शोधला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "हे शिशाचं लिहिलंय ना? वाचून दाखवा." त्याने वाचून दाखवले. डबा कधी भरला ती तारीखही त्यांनी पाहिली.

रंग ढवळून, पातळ हात द्यायचा. ब्रश अर्धाच बुडवायचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढायचा. पहिल्या आणि दुसऱ्या हातात एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा. खोलीची दारे उघडी, चूल बंद, विडी बाहेर. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. काही तेले वाळताना तापतात आणि अशा गोळ्यातून आपोआप आग लागते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत. खण अडकत होते, त्यांच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासली. आता ते एका बोटाने सरकतात.

आठ दिवस कोणी कपाटाला हात लावला नाही. मुलगी रोज लांबून पाहून जायची. नवव्या दिवशी मुठी बसवल्या.

थोडा मोरपंखी रंग उरला होता. मावशींनी बारीक ब्रश मागून घेतला आणि पिवळ्या खणांवर स्वतः अक्षरे काढली. वरच्यावर मुलीचे नाव. मधल्यावर 'हिशेब'. खालच्यावर 'औषदे'. आम्ही चष्मा लावून पुढे झालो. बोट उचलले, तेवढ्यात रंगारी म्हणाला, "गुरुजी, रंग ओला आहे. हात लावू नका."