दम्याची दुसरी उसळी

घरातील धूळ सर्वांच्याच नाकातोंडात जाते. धाप मात्र काहींनाच लागते. ॲलर्जीजन्य दम्यात याचे मूळ ‘आयजीई’ या प्रतिद्रव्यात असते. अमेरिकेतील डेन्व्हर येथे इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये ते ओळखले. श्वासनलिकांतील मास्ट पेशींवरील ग्राहींना हे प्रतिद्रव्य आधीच चिकटून असते. धुळीतील प्रथिनाने शेजारशेजारची प्रतिद्रव्ये सांधली, की ग्राही एकत्र येतात, पेशी काही मिनिटांतच हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडते आणि नलिका आकसतात. फवाऱ्याने त्या मोकळ्या होतात. घरचे निर्धास्त होतात. खरी गोम पुढेच आहे. मास्ट पेशींच्या संदेशांनी इओसिनोफिल पेशी गोळा होतात आणि चार ते आठ तासांनी सूज वाढते. सायंकाळी शमलेली धाप मध्यरात्री पुन्हा उसळते, ती यामुळे. नलिका रुंदावणारे औषध ही सूज उतरवीत नाही. त्यासाठी वैद्यकीय सल्ल्याने स्टिरॉइडचा फवारा, बरे वाटत असतानाही, नियमित घ्यावा लागतो.