जिवाणूंचे जेवण

सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याहून लोणंदमार्गे पूर्वेस गेले, की फलटण लागते. या वाटेवरील खेड्यांत गोबरगॅस हा शब्द नवा नाही. परंतु ज्यांच्या गोठ्यात रोज पुरेसे शेण जमे, त्यांनाच ते यंत्र उपयोगी पडे. ज्यांच्या दारी एखादीच शेळी, त्यांच्या घरची चूल धुमसतच राही.

फलटण भागात अनेक वर्षे काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी या गोष्टीचा मुळापासून विचार केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते नातू. शेणातून वायू निघतो कसा? गुरांच्या पोटातील सूक्ष्म जिवाणू शेणाबरोबर बाहेर येतात आणि हवाबंद टाकीत ते शेण कुजवून मिथेन हा जळाऊ वायू तयार करतात. पण मुलांनो, चाऱ्यातील सत्त्व तर गाईने आधीच शोषून घेतलेले असते! उरतो तो चोथा. मग या जिवाणूंस चोथ्याऐवजी कसदार अन्नच का वाढू नये?

पुण्याच्या 'आरती' या संस्थेत तसे करून पाहण्यात आले. शिळा भात, किडलेले धान्य, अखाद्य बियांची पेंड असे पदार्थ टाकीत घातले. ४० किलो शेण ४० दिवसांत जेवढे मिथेन देते, तेवढे अशा २ किलो पदार्थांतून एका दिवसात मिळते, असा त्या संस्थेचा अनुभव. २००६ साली या कार्यास लंडन येथील अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला.

यंत्र अगदी साधे आहे. प्लॅस्टिकची एक मोठी टाकी, आणि तीत उपडी घातलेली दुसरी लहान टाकी. आरंभी शेणकाला घालावाच लागतो, कारण जिवाणू त्यातच असतात. पुढे रोज थोडे खरकटे, बारीक करून, पाण्यात कालवून ओतावयाचे. हावरेपणाने एकदम अधिक घातले, तर टाकीत आंबटपणा वाढून वायू बंद पडतो. जिवाणूंनाही अपचन होते म्हणा ना! उसाचे पाचट किंवा तुरीच्या काड्या मात्र त्यांना सहजी पचत नाहीत. त्या पाचटाचा याच संस्थेने कोळसा करून दाखविला. ती कथा निराळी.

वायू साठू लागला, की उपडी टाकी हळूहळू वर उचलली जाते. स्वयंपाक होईपर्यंत ती पुन्हा खाली बसते, आणि घरातील भिंतींवर काजळी धरत नाही.