गोधडी शिकवणारं गाव: हॅमिल्टनकडून काय घ्यायचं?



"आमचं गाव लहान आहे, इथे गिऱ्हाईक कुठून येणार?" असं तुमच्याही मनात येत असेल, तर आज माझ्याबरोबर अमेरिकेतल्या हॅमिल्टनला चला. मिसुरी राज्यातलं हे कागदोपत्री 'शहर', पण वस्ती दोन हजारांच्या आत. कॅन्सस सिटीहून गाडीने साधारण तासाभरावर. जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचा संस्थापक १८७५ साली याच भागात जन्मला, तेवढीच जुनी ओळख. आजूबाजूला शेती.

२००८ च्या मंदीत इथल्या डोन कुटुंबाची म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी आटली. आई जेनी हिला क्विल्ट शिवायचा नाद. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीचीच बहीण: वर तुकडे जोडलेलं कापड, मधे मऊ थर, खाली अस्तर. हे तीन थर एकत्र शिवायला मोठं मशीन लागतं, म्हणून बरेच जण ते काम बाहेर देतात. जेनीनेही दिलं, तर नंबर लागायला जवळजवळ वर्ष! मुलगा ॲलन आणि मुलगी सारा यांनी ही रांग बरोबर हेरली. कर्ज काढून मशीन घेतलं, गावातच जागा घेतली आणि मिसुरी स्टार क्विल्ट कंपनी सुरू झाली.

पण दोन हजारांच्या गावात गोधड्या किती शिवून घेणार? मग ॲलनने आईला यूट्यूबवर शिकवायला उभं केलं. साधी बोली, हसरा चेहरा, आणि फुकट शिकवणी.

आता नीट बघा, खरी गंमत इथे आहे. नवशिक्या बाईला शिवायची भीती नसते, कापायची असते. महागाचं कापड वाकडं कापलं तर गेलंच ना! जेनी दाखवायची ते आधीच कापून आलेल्या कापडाचे संच वापरून: पाच इंची चौकोन, दहा इंची चौकोन, अडीच इंची पट्ट्या. व्हिडिओ संपला की तोच संच वेबसाइटवर तयार, वर रोज एका मालावर घसघशीत सूट. शिकवण्याचे पैसे नाहीत, पण शिकल्यावर जे लागतं ते यांच्याकडेच. आपल्याकडे अनेक जण फक्त 'माझा माल बघा' म्हणत व्हिडिओ करतात. तो कोण बघणार, सांगा.

पुढे मेन स्ट्रीटवरच्या जुन्या इमारती एकेक करून दुरुस्त झाल्या. एका दुकानात एका तऱ्हेचं कापड, दुसऱ्यात दुसऱ्या. बायका लांबून बस करून येतात. कंटाळलेल्या नवऱ्यांसाठी आरामखुर्च्या आणि टीव्ही असलेली वेगळी जागासुद्धा आहे! गावाला कापड कापणं, पार्सल बांधणं, फोन घेणं, खानावळ चालवणं अशी कामं मिळाली. २०१५ मध्ये ॲलन, सारा आणि त्यांचा भागीदार डेव्हिड मिफसुद यांना अमेरिकन सरकारच्या लघुउद्योग खात्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मात्र मला खटकते. इतकं सगळं एकाच कंपनीवर टांगलेलं. उद्या क्विल्टचा नाद ओसरला तर अख्ख्या गावाला झळ बसेल.

तुमचा गृहपाठ: तुमचा माल वापरताना नवख्या गिऱ्हाइकाचा हात नेमका कुठे थबकतो? दुकानात उभं राहून तीन दिवस फक्त तेवढंच बघा, आणि पहिला व्हिडिओ त्याच जागेवर करा.