चि. सुमेधला, वाकडच्या फ्लॅटबद्दल

पिंपरी, मंगळवार

चि. सुमेध,
सप्रेम जय भीम. तुला आणि प्राचीला अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतोस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. म्हणून लिहिते आहे. ऑफिसात वाचू नकोस, घरी गेल्यावर सावकाश वाच.

रविवारी रेखाची मुलगी जेवायला आली होती. रेखा तुला आठवेल. माझ्या वर्गातली, तुझ्या बाबांच्या आजारपणात दवाखान्यात डबा पोचवायची ती. तिची मुलगी आता नर्स आहे. वाकडच्या बाजूलाच नोकरी लागली आहे आणि बरोबरच्या एका मुलीसोबत राहायला घर शोधते आहे. जेवता जेवता सांगत होती, एक फ्लॅट फार मनात भरला होता. चौथा मजला, समोर मोकळी जागा, हॉलची एक भिंत हळदीसारखी पिवळी. एजंटने सगळं दाखवलं, भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं. मग आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" तिने सांगितलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला, मालकांना शाकाहारी फॅमिलीच पाहिजे.

मी बिल्डिंगचं नाव विचारलं. ती भिंत दिवाळीत प्राचीने रंगवली तेव्हा मी तिथेच खुर्ची टाकून बसले होते. त्या पोरीला मी काही बोलू शकले नाही. तिला आणखी एक भाकरी वाढली आणि आत जाऊन उभी राहिले.

सुमेध, हे तू सांगितलं होतंस का?

मला आधी एवढंच कळायला हवं. एजंटने आपल्या मनाने केलं असेल तर ती एक गोष्ट. तू त्याला म्हणाला असशील, "बघा तुम्हीच, चांगली माणसं बघा", आणि चांगली म्हणजे कोण हे त्याने ठरवलं असेल, तर ती दुसरी. आणि तू तोंडाने सांगितलं असशील, तर मग मला पुढे काय लिहावं ते सुचत नाही. शाकाहारी कोण रे आपल्यात? तुझ्या बाबांचा सुक्या बोंबलावर केवढा जीव होता! रविवारी मटण शिजलं नाही तर तू लहानपणी जेवायला बसायचा नाहीस. त्या घरात जी अट तू स्वतः पाळू शकत नाहीस ती कुणाची अट आहे?

बंगळूरला गेलास त्या पहिल्या वर्षी तू मला रात्री साडेदहाला फोन केला होतास. घरमालकाने विचारलं, व्हेज की नॉनव्हेज, आणि तू काहीच न बोलता परत आलास. तेव्हा तुझा आवाज कसा झाला होता ते मी विसरलेले नाही. तू विसरलास का?

घर रिकामं राहिलं की माणूस घाबरतो, हे मला कळतं. दसऱ्याला आधीचे लोक गेले, आता मार्च आला. हप्ता चुकत नाही, मेंटेनन्स चुकत नाही. चोवीस हजारांच्या हिशेबाने पाच महिन्यांत एक लाख वीस हजार गेले. अशा वेळी समोरचा एजंट जे सांगेल ते खरं वाटायला लागतं. तो म्हणाला असेल, बॅचलर पोरी नकोत, अमुक लोक नकोत, नंतर निघत नाहीत, सोसायटी ओरडते. पण ज्यांना नको म्हणायचं त्यांची यादी अशी लांबत गेली तर घर रिकामं राहणारच. वाकड-हिंजवडीला घर शोधायला कोण येतं? दोघं-तिघं मिळून राहणारी नोकरदार पोरंपोरी, नर्सेस, नुकतं लग्न झालेली जोडपी, बाहेरच्या राज्यातले लोक. त्यांनाच दारातून परत पाठवलं तर चौथ्या मजल्यावर यायचं कोणी?

दोन हजारांनी भाडं उतरवायला तुझा जीव होत नाही, असं प्राची म्हणाली. वर्षाचे चोवीस हजार होतात ते. घर एक महिना रिकामं राहिलं की तेवढेच जातात. हे गणित मी तुला चौथीत शिकवलं असतं.

आणि "निघत नाहीत" या भीतीचं म्हणशील, तर ती कुठून आली ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याखाली पेठांतल्या वाड्यांची भाडी गोठून गेली होती. पाच-दहा रुपयांवर पिढ्या राहायच्या, मालकाला कौलं फिरवायलाही परवडायचं नाही. मग मालकांनी ११ महिन्यांचे कागद करायला सुरुवात केली, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकांनी त्याचा धसका घेतला, तो अजून त्यांच्या नातवंडांच्या मनात आहे. पण तो कायदा आता राहिला नाही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जास्तीच्या दिवसांचे दुप्पट पैसे मागता येतात. मात्र त्यासाठी करार पक्का लागतो. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. एजंट म्हणेल, ११ महिन्यांचाच आहे, नोटरीवर भागवू. ऐकू नकोस. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, तुला उलटं सिद्ध करत बसावं लागतं. शिवाय पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खर्च तरी किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज धरून पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तुझ्या घराला सातशेच्या आत, आणि नोंदणीचे हजार. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं सगळं.

तुझं रक्षण त्या कागदात आहे. समोरचा माणूस कोणत्या समाजातला, यावर त्यातलं काहीही अवलंबून नाही.

सोसायटीचं कारण पुढे करशील, तर तेही ऐक. आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं असतं. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, असा सरकारचा २००१ चा आदेश आहे. तेवढं भर, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दे, चेअरमनना नम्रपणे कराराची प्रत नेऊन दे.

तुला माहीत आहे का, माझ्या वर्गात १४ एप्रिल जवळ आला की मी मुलांना बडोद्याची गोष्ट सांगायचे. १९१७ साल. कोलंबियात शिकून, लंडनला जाऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, आणि त्यांना राहायला घर मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. तिथेही काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. दुसरी जागा मिळाली नाही. बागेत जाऊन बसले. ही गोष्ट सांगताना दर वर्षी माझा आवाज बसायचा. मुलांना वाटायचं, बाईंना बाबासाहेबांसाठी वाईट वाटतंय. तेही होतंच.

पण एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, तुझ्या बाबांनाही नाही. आप्पांनी आपल्याला गावावरून आडनाव लावलं ते तू जाणतोस. मी नोकरीला लागले तेव्हा त्याच आडनावावर मला नारायण पेठेतल्या एका वाड्यात खोली मिळाली. मालकीणबाईंनी आपल्या मनाने काय ते समजून घेतलं, मी ते खोडून काढलं नाही. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला होता. आणि थंडीत आप्पांचं पत्र आलं, हुरडा आणि शेंगा घेऊन येतो, तुझी खोली बघतो. मी त्यांना उलट टपाली कळवलं, खोलीवर नको, संभाजी बागेत भेटू. ते आले. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. खोली कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही. सगळं समजलं होतं त्यांना. मी शेंगा खाल्ल्या, इकडचं तिकडचं बोलले आणि एसटीत बसवून दिलं. पुढे मी पिंपरीला स्वतःचं घर घेतलं तोवर आप्पा राहिले नव्हते. माझ्या कुठल्याही खोलीत त्यांचा पाय लागला नाही. एवढी वर्षं झाली, शेंगा सोलताना अजून हात थांबतो.

म्हणून विचारते, सुमेध. रागावले म्हणून नाही. ते तू सांगितलं होतंस का?

कदाचित तू नुसता गप्प राहिला असशील. एजंटने विचारलं असेल, "साहेब, कशी माणसं हवीत?" आणि त्याला तू आपल्यातला वाटला नसशील. तू हो-ला हो केलं असशील, कारण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न तुझ्याबद्दलच येईल. ते असेल तर मला सगळ्यात जास्त समजतं, बाळा. त्या वाड्याच्या जिन्यात मी रोज तेच करत होते. तू लपावंस म्हणून आप्पांनी आडनाव बदललं नव्हतं. तुला शाळेत कुणी मागे बसवू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आता काय करायचं ते सांगते. भाडेकरूंशी आधी स्वतः बोल, व्हिडिओवर का होईना. नोकरी कुठे, पगाराची पावती, आधीच्या घराचा करार, आधीच्या मालकाचा नंबर. त्या मालकाला फोन कर आणि एवढंच विचार, भाडं वेळेवर आलं का आणि घर कसं ठेवलं. डिपॉझिट बँकेतूनच घे. पंखे, गीझर, नळ सगळ्यांचे फोटो काढून करारासोबत ठेव. आणि घरात कुणीतरी जायला हवं. मी पाहिलं आहे, बंद घरात मोरीच्या जाळीतलं पाणी सुकतं आणि दार उघडलं की गटाराचा वास येतो. बघायला येणारे तोंड वाकडं करतात ते भाड्यामुळे नाही. दर आठवड्याला पाणी सोडायला हवं, खिडक्या उघडायला हव्यात.

ते मी करेन. किल्ली त्या एजंटकडून काढून घे आणि माझ्याकडे पाठव. इथून वाकडला बस आहे. घर मी दाखवीन, आडनाव कुणालाच विचारणार नाही, पण नीट पारखून घेईन. आयुष्यभर चाळीस-चाळीस पोरांच्या आया-बापांशी बोलले आहे, माणूस कळतो मला थोडाफार.

रेखाच्या मुलीला घर दे, असं मी म्हणत नाही. तिला दुसरीकडे मिळेलही. मिळालं नाही तर मात्र मी तुला पुन्हा फोन करेन, आणि तेव्हा नुसतं "हो आत्या" चालणार नाही.

हप्त्याची ओढाताण होत असेल तर लपवू नकोस. माझी बँकेतली ठेव मेमध्ये सुटते, दोन-तीन हप्ते सहज निघतील. परत कधी करशील ते विचारणार नाही. तू लहान असताना ताप आला की कुणाला न सांगता पांघरूण घेऊन पडायचास, तसं आता करू नकोस. प्राचीशी बोल, माझ्याशी बोल. एप्रिलमध्ये दोघं या, चार दिवस राहा. बोंबील मी आणून ठेवते. माझ्या गुडघ्यांची काळजी करू नकोस, वाकडच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे.

उत्तर लवकर लिही, दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

तुझी,
आत्या