झाडांचा फिश टँक : कर्बवायू आणि हवेचा जमाखर्च

शोभेच्या माशांच्या टाक्या तयार करून विकणे हा आमच्या कारागीर बांधवांना जमण्यासारखा जोडधंदा आहे. काच कापणारा, लोखंडी स्टँड करणारा आणि वायरिंगवाला, या तिघांचेही काम एका टाकीत लागते. आता गिऱ्हाईक नुसते मासे मागत नाही, आत हिरवी झाडेही मागते. पण टाकी विकली आणि आठ दिवसांत पहाटे मासे मेलेले दिसले, तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. पुष्कळदा माशाला रोग झालेला नसतो, पाण्यातील हवेचा हिशोब चुकलेला असतो. आमचा धंदा कापडाचा, म्हणून हा हिशोब जमाखर्चाच्या भाषेतच मांडतो.

दिवसाची जमा, रात्रीचा खर्च

उजेड असताना झाडे कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) घेतात आणि प्राणवायू सोडतात. ही झाली जमा. दिवा बंद झाला की ही जमा थांबते. मासे, झाडे आणि तळातील जंतू सगळेच प्राणवायू घेऊन कर्बवायू सोडतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो.

उन्हाळ्यात भांडवलच कमी होते. २५ अंश उष्णतेला एक लिटर पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशाला सुमारे ६.९. बीडचा मे महिना ध्यानात घ्या आणि टाकीत मासे बेताचेच ठेवा.

पंपाचे काम

पुष्कळांना वाटते, बुडबुड्यातून प्राणवायू पाण्यात शिरतो. खरे काम पाण्याच्या वरच्या थराची हालचाल करते. तिथे प्राणवायू आत येतो आणि जादा कर्बवायू बाहेर जातो. म्हणून आपण पैसे खर्चून गॅस सोडत असू आणि दिवसभर पंपही जोरात चालत असेल, तर एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने सांडायचे, असा प्रकार होतो. गॅस सोडत नसाल तर पंप दिवसरात्र चालवा, तोटा नाही. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला अशी झाडे गॅसशिवायही वाढतात. नवख्या गिऱ्हाइकाला तीच द्यावीत.

गॅस किती?

लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम कर्बवायू झाडांना पुरतो. त्याहून फार वाढला तर पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो.

मोजण्याची रीत सोपी आहे. पाण्याचा सामू (पीएच) आणि कार्बोनेट कठीणपणा (केएच) तपासावा. सामू ७ असेल तर केएचला ३ ने गुणावे. केएच १० असेल तर कर्बवायू ३० मिलिग्रॅम. त्याच पाण्याचा सामू ७.२ असेल तर सुमारे १९, आणि ६.८ असेल तर सुमारे ४७, म्हणजे धोका. सामूतला एवढासा फरक किती महागात पडतो ते पाहा. रंग बदलणारी छोटी काचेची कुपीही मिळते : निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे जास्त. मात्र रंग बदलायला एक-दोन तास लागतात.

रोजचे वेळापत्रक

१) दिवा लावण्याआधी एक-दोन तास गॅस सुरू करावा. दिवा बंद होण्याआधी एक तास तो बंद करावा.
२) दिवा सहा ते आठ तास पुरे.
३) दिवा बंद होताच हवेचा पंप सुरू करून सकाळपर्यंत चालू ठेवावा.
४) पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येते.

वीज गेली तर

आपल्याकडे हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पंप विजेवर चालतो, पण सिलिंडरमधला गॅस विजेसाठी थांबत नाही. म्हणून वीज जाताच आपोआप बंद होणारा विजेचा व्हॉल्व्ह (सोलेनॉइड) बसवावा आणि बॅटरीवरचा छोटा पंप द्यावा. साखर आणि बेकरीच्या खमिराची बाटली स्वस्त पडते, पण ती रात्री बंद करता येत नाही. तिच्या पाण्यात अल्कोहोल तयार होतो, ते टाकीत जाऊ देऊ नये. खाण्याचा सोडा ८४ ग्रॅम आणि लिंबूसत्व ६४ ग्रॅम यांतून ४४ ग्रॅम कर्बवायू निघतो. त्यासाठी दाब सोसणारे भांडे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. साध्या बाटलीचे तोंड गच्च बंद करणे म्हणजे स्फोटाला बोलावणे.

आपले पाणी

सोळाव्या शतकातल्या खजाना बावडीपासून बीडकरांना जमिनीतल्या पाण्याची ओळख आहे. ताज्या विहीर-बोअरच्या पाण्यात बहुधा कर्बवायू जास्त आणि प्राणवायू कमी असतो. असे पाणी रात्रभर पंप लावून ठेवावे, मग टाकीत घालावे. नळाचे क्लोरिनचे पाणीही तसेच.

मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर कारण शोधत बसू नये. आधी गॅस बंद करावा, पंप जोरात लावावा, एक तृतीयांश पाणी बदलावे. या तीन ओळी कागदावर लिहून प्रत्येक टाकीसोबत गिऱ्हाइकाला द्या. माल विकल्यावरही जो दुकानदार उपयोगी पडतो, त्याच्याकडेच गिऱ्हाईक दुसरे गिऱ्हाईक घेऊन येते.