घटक ४ : प्राचीन व्यापारी मार्गावरील सांस्कृतिक अभ्याससहल – कल्याण ते नाणेघाट

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• व्यापारी मार्गाकडे सांस्कृतिक साधन म्हणून कसे पाहावे, हे सांगता येईल.
• कोरीव लेख, आख्यायिका व अनुमान यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• मुरबाड व शहापूर तालुक्यांतील घाटवाटांवर आधारित अभ्याससहलीची आखणी करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, प्राचीन व्यापारी मार्ग म्हटले की समरकंद, बुखारा, खिवा ही मध्य आशियातील नगरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. त्या मार्गांना ‘रेशीम मार्ग’ हे नाव रिख्तहोफेन या जर्मन भूगोलज्ञाने १८७७ मध्ये रूढ केले. वस्तुतः तो एकच एक रस्ता नव्हता. वाळवंटे, खिंडी आणि बंदरे यांना जोडणारे ते वाटांचे जाळे होते आणि त्याचे धागे पश्चिम भारताच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

समरकंदला जाणे प्रत्येकाला शक्य नसते. मात्र कल्याणहून मुरबाडची एस.टी. पकडणारा विद्यार्थी त्याच काळातील एका वाटेवरून प्रवास करीत असतो. रोजच्या ओळखीमुळे ती वाट आपल्याला दिसेनाशी होते. ती पुन्हा पाहायला शिकणे, हा या घटकाचा हेतू आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मार्गाची ओळख

कोकणातील बंदरे आणि दख्खनचे पठार यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती ओलांडण्याचे दोन महत्त्वाचे मार्ग आपल्या परिसरातून जातात. पहिला मार्ग कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, नाणेघाट, जुन्नर असा आहे. दुसरा शहापूर व कसारा यांमार्गे थळ घाट चढून नाशिककडे जातो. पुढे मुंबई–आग्रा रस्ता आणि लोहमार्गही याच दुसऱ्या दिशेने गेले. सत्ता बदलली, वाहने बदलली, तरी डोंगराने दिलेली वाट फारशी बदलली नाही.

या मार्गांचा परकीय उल्लेख इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आढळतो. तिच्यात कल्याण, भरुकच्छ, पैठण आणि तेर यांची नोंद आहे. कल्याणच्या व्यापारावर पुढे निर्बंध आले आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छला नेली जात, असेही ती सांगते. बंदराची भरभराट राजकीय सत्तेवर कशी अवलंबून असते, हे यावरून लक्षात येते.

४.२.२ मध्य आशियाशी असलेला दुवा

शहापूरमार्गे नाशिकला गेल्यास पांडवलेणी अवश्य पाहावीत. तेथील एका लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा स्वतःस उत्तरेकडील, दत्तामित्री येथील यवन म्हणवतो. दुसऱ्या एका लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. क्षत्रपांचा हा वंश मूळच्या मध्य आशियाई शक समाजातून आलेला मानला जातो. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे आणि नद्यांवर विनामूल्य नावांची सोय केल्याचे उषवदात नोंदवतो. विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले होते.

बुखाऱ्याच्या वाटेवरील सराया आणि शूर्पारकाचे निवारे यांचे प्रयोजन एकच होते. चालणाऱ्या माणसाला रात्रीचा आसरा आणि पाणी मिळाल्याखेरीज व्यापार चालत नाही.

४.२.३ पुरावा आणि आख्यायिका

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्याचा काळ सामान्यतः इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास मानतात. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण इत्यादी दक्षिणांचे तपशील त्यात असून संख्या अंकचिन्हांनी लिहिल्या आहेत. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वरची नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. लेखाचा बराच भागही झिजला आहे. आपण तेथे जातो तेव्हा नष्ट होत चाललेल्या दस्तऐवजासमोर उभे असतो, ही जाणीव ठेवावी.

लेण्याबाहेर, घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकली जात व म्हणून ‘नाणेघाट’ हे नाव पडले, असे सांगितले जाते. ही कथा आकर्षक आहे. परंतु रांजणावर तसे काही कोरलेले नाही. घाटाचे ‘नानाघाट’ हे रूपही प्रचारात आहे. नावावरून कथा रचली जाणे यास लोकव्युत्पत्ती म्हणतात. अशी कथा टाकून देऊ नये. ती ‘आख्यायिका’ या सदरात, सांगणाऱ्याच्या शब्दांत नोंदवावी. लेखात राजघराणे आहे, यज्ञ आहेत. ओझे वाहणारा माणूस त्यात नाही. त्याचा माग अनेकदा अशा कथांतून, वाटेवरच्या पाण्याच्या टाक्यांतून आणि शब्दांतूनच घ्यावा लागतो.

४.२.४ मार्गाची भाषा

मराठीच्या विद्यार्थ्याने शब्दांचीही सहल करावी. ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला व ‘सार्थवाह’ म्हणजे त्याचा प्रमुख, हे संस्कृत शब्द आहेत. ‘श्रेष्ठी’वरून ‘शेठ’ आला. ‘बाजार’, ‘बंदर’, ‘सराई’ हे फारसीतून, तर ‘जकात’ हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे आला. ‘तांडा’, ‘गोणी’ हे शब्द बैलांवरून होणाऱ्या वाहतुकीची आठवण देतात. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील पौष पौर्णिमेची यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील सौद्याची बोली ऐकणे हाही अभ्यासाचाच भाग होय.

४.२.५ सहलीची आखणी

(अ) काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात वाट निसरडी होते.
(आ) पहिला दिवस : सकाळी लवकर कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखरे. चढास साधारण अडीच-तीन तास धरावेत. लेण्यात घाई करू नये.
(इ) दुसरा दिवस : जुन्नर. तेथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. लेण्याद्री व शिवनेरी पाहावे.
(ई) पर्यायी मार्ग : शहापूर, माहुली किल्ला, कसारा, नाशिक. माहुलीचा संबंध शहाजीराजांच्या १६३६ मधील माघारीशी आहे.
(उ) शिस्त : अक्षरांवर खडू, पाणी वा हात फिरवू नये. वाडी-पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी बांधवांशी बोलताना आधी परवानगी घ्यावी. जुन्या पायवाटांचे ज्ञान त्यांच्याकडे आहे. वाटाड्यास योग्य मोबदला द्यावा आणि त्याने दिलेल्या माहितीचे श्रेय अहवालात नोंदवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१. नाणेघाटातील लेखाची लिपी : (अ) खरोष्ठी (आ) ब्राह्मी (इ) मोडी
२. ‘सार्थवाह’ म्हणजे : (अ) जकातदार (आ) काफिल्याचा प्रमुख (इ) नावाडी
(उत्तरे : १–आ, २–आ)

४.३ सारांश

व्यापारी मार्गांवरून मालाबरोबर माणसे, धर्म, लिपी आणि शब्द प्रवास करतात. मुरबाड व शहापूरच्या घाटवाटा या व्यापक जाळ्याचा भाग होत्या. सहलीत पाहिलेले, ऐकलेले व तर्काने जाणलेले वेगवेगळे नोंदवले, तरच प्रवासाचे अभ्यासात रूपांतर होते.

४.४ पारिभाषिक शब्द

कार्षापण : प्राचीन भारतीय नाणे.
श्रेणी : एका व्यवसायातील कारागिरांचा संघ.
लोकव्युत्पत्ती : शब्दाच्या रूपावरून लोकमानसाने लावलेली उपपत्ती.

४.५ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘आख्यायिका हा पुरावा नव्हे, तरी साधन आहे.’ नाणेघाटाच्या आधारे चर्चा करा.
२. आपल्या गावाजवळील एखादी जुनी वाट निवडा. गावातील दोन वयस्कर व्यक्तींकडून तिची नावे, मुक्काम, पाणवठे व तिच्यावरून नेला जाणारा माल यांची माहिती मिळवा. वहीच्या पानाचे ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘अनुमान’ असे तीन रकाने करून ती नोंदवा व त्यावरून ५०० शब्दांचा अहवाल लिहा.