कोरडवाहू द्राक्षवेलीची कथा : हुमियाचे मोनास्त्रेल

स्पेनच्या आग्नेय भागातील मुर्सिया प्रांत उष्ण व रुक्ष हवामानाचा आहे. त्याच्या उत्तर भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० ते ८०० मीटर उंचीवर, हुमियाचा द्राक्षप्रदेश पसरला आहे. येथे वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तपमान ४० अंशांपर्यंत चढते. अशा प्रदेशात तांबड्या द्राक्षमद्यासाठी प्रसिद्ध असलेला ‘मोनास्त्रेल’ हा पारंपरिक वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

या वाणास भरपूर ऊन लागते. त्याचे डोळे उशिरा फुटत असल्यामुळे वसंतातील हिमकणांपासून त्याचा बराचसा बचाव होतो. फळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पक्व होते. जुन्या बागांत मांडव नसतो. आखूड खोडावर चहूबाजूंनी फांद्या राखून वेलीला झुडपाचा आकार दिला जातो, त्यामुळे पानांची सावली घडांवर व बुंध्याशी पडते. वेली विरळ लावल्याने प्रत्येकीच्या मुळांना ओलाव्यासाठी पुरेशी जागा मिळते. चुनखडीयुक्त जमीनही ओल धरून ठेवते. उत्पन्न मात्र बेताचेच येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या अमेरिकन किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या. रेताड जमिनीत ही कीड सहज पसरत नाही. हुमिया त्या वेळी बचावले, आणि तेथील मद्याला फ्रान्समध्ये मागणी वाढली. युरोपात अन्यत्र किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमे बांधण्यात आली. हुमियात मात्र बहुतांश वेली स्वतःच्याच मुळांवर वाढत राहिल्या.

ही निश्चिंती १९८९ मध्ये संपली. त्या वर्षी फिलॉक्सेराचा प्रादुर्भाव झाला, बागा वाळू लागल्या आणि उत्पादन झपाट्याने घटले. शेतकऱ्यांना कलमी वेलींची नव्याने लागवड करून फळासाठी काही वर्षे थांबावे लागले. रेताड भागांत काही जुन्या वेली आजही स्वमुळांवर उभ्या आहेत.

महाराष्ट्रात डॉगरिज या अमेरिकन खुंटाचा वापर क्षार व पाणीटंचाई यांवरील उपाय म्हणून रूढ झाला. हेतू निराळा असला, तरी बोध एकच आहे. हवामानास अनुकूल वाण निवडणे हे अर्धेच काम होय. संकट दूर असतानाच मुळांची काळजी घेतली, तरच बाग सुरक्षित राहते.